पळसाच्या बाहुलीचं नाव

माझं एक नाव आमच्या मळ्यात पुरलेलं आहे. बांधावरच्या बोरीखाली, माझ्या परकर-पोलक्यासकट. ते नाव मी इथे लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. मी नर्स आहे, भुताखेतांच्या गोष्टींना नाक मुरडण्यातच माझा जन्म गेला. पण जे आपलं राहिलं नाही ते आपण होऊन वापरू नये, एवढी रीत मलाही कळते.

अंबडच्या पुढे, वडीगोद्रीच्या वाटेवर आमचं गाव. राज्य निजामाचं. वडील प्लेगात गेलेले, धाकटा भाऊ आईच्या अंगावर पिता, आणि घरात कर्ता पुरुष म्हणजे काका, वडिलांचा पाठचा भाऊ. मी परकर सावरत पळायच्या वयाची होते तेव्हा माझा गळा सुजला. आधी आवाज बसला, मग घोट उतरेना, मग श्वास ओढला की छातीत करवत चालल्यासारखं वाजू लागलं. घटसर्प, असं कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे घटसर्प बैलांना व्हायचा. तो माणसाच्या लेकरालाही होतो हे ऐकून काकाचा चेहरा उतरला.

जालन्याला सरकारी दवाखान्यात हैदराबादेहून एक डॉक्टर आलेत, पोरांच्या गळ्याचं काहीतरी करतात, असं बाजारात कानावर आलं होतं. काकाने गाडी जुंपली. आईला येता आलं नाही. भावाला मागे सोडवेना आणि माझ्याजवळ बसवता येईना. तिने माझ्या कानाशी तोंड आणून माझं नाव घेतलं आणि म्हणाली, "जल्दी ये माय माघारी." त्या नावाने तिने मला मारलेली ती शेवटची हाक.

दवाखान्यातलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डॉक्टरांनी माझ्या मानेखाली उशी सारली आणि काकाला माझे पाय धरायला सांगितले. मी निळी पडले होते, धडपड थांबली होती. सुरी गळ्याला लागली, रक्त आलं, पण माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. वाराच आतबाहेर होत नव्हता तर आवाज कुठून निघणार, पण काकाला हे कोण सांगणार? त्याने पाहिलं ते एवढंच, की पोरीचा गळा चिरला आणि पोर हूं की चूं न करता पडून राहिली. माझ्या पायांवरचे हात सुटले. ते मला नीट कळलं, बाकी काही कळत नसताना. काका धावत बाहेर पडला आणि गाडी जुंपून त्याने थेट गाव गाठलं.

गावात काय झालं ते मला फार पुढे कळलं, पण इथेच सांगून टाकते. "पोर गेली," असं काका म्हणाला ते त्याला खरंच वाटत होतं. पण आईने विचारलं, "मंग माझं लेकरू कुठंय? मला त्वांड तरी पाहू दे." तेव्हा मी पळून आलो हे काही त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "लागण व्हती वैनी. सरकारच्या मान्सांनी तिथंच पुरली. म्या सोता माती टाकली." बस, एवढंच. या एका वाक्यावर माझं पुढचं आयुष्य उभं आहे.

माणूस गेलं आणि हाती देह नाही, अशा वेळी आमच्याकडे पळसाच्या काड्यापानांची बाहुली करतात. गेलेल्याचं नाव तिला देतात आणि तिची माती करतात. बायकांनी बाहुली केली. तिला माझा हिरवा परकर आणि खणाचं पोलकं घातलं. आईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तिला मांडीवर घेतलं आणि माझं नाव घेऊन तिचा निरोप घेतला.

तिकडे मी जिवंत होते. गळ्यात चांदीची वाकडी नळी होती आणि श्वास तिच्यातून शिटी वाजवत ये-जा करत होता. नाकातोंडाचा काही संबंधच उरला नव्हता. मी रडायचे तर डोळ्यांतून पाणी यायचं आणि गळ्यातून फसफस. आपलं रडणं आपल्याला ऐकू न येणं फार विचित्र. मला वाटायचं, दुसरंच कुणीतरी रडतंय आणि मी नुसती बघतेय.

ही नळी म्हणजे डॉक्टरांचा ध्यास होता. दवाखान्यात नळ्या यायच्या त्या मोठ्या माणसांच्या. त्या लेकरांच्या गळ्यात घातल्या की आत घासायच्या, आणि सुरीतून वाचलेलं पोर नळीने जायचं. असं का होतं ते शोधायला डॉक्टर खाटकाकडून करडांचे श्वासनळे मागवत. त्यांत वेगवेगळ्या बाकाच्या नळ्या घालून पाहत, पुन्हा चिरून कुठे ओरखडा उठला ते तपासत, आणि सोनाराला बसवून बाक बदलून घेत. पाहून झालेले नळे खिडकीत तारेवर टांगलेले असत. सुकून कडक झालेल्या त्या नळ्यांतून दुपारचा वारा गेला की बारीक शिट्या वाजत. माझ्या गळ्यातून वाजे तशाच. मी श्वास रोखून पाहायचे, की यातली माझी कुठली. मी थांबले तरी शिटी थांबत नसे.

शेजारच्या खाटेवर वडीगोद्रीची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. खेळता खेळता तिने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या होत्या. घरचे म्हणत, झपाटली. डॉक्टरांनी तिचं पोट रबरी नळीने धुतलं. मग तिच्या लघवीचा थेंब दवाखान्यातल्या मांजरीच्या एका डोळ्यात टाकला. त्या डोळ्याची बाहुली वाढत वाढत काळीभोर झाली. "देखो, भूत नहीं है. धतूरा है," डॉक्टर तिच्या आईला म्हणाले. अशी परीक्षा ते दरवेळी करत आणि कोणत्या विषाने डोळा किती वेळ उघडा राहतो ते निरखत बसत. मांजर मात्र दिवसभर एक डोळा बारीक आणि एक डोळा सताड अशी खाटांखालून फिरे, आणि तिचा तो मोठा डोळा नेमका आपल्यावरच आहे असं प्रत्येकाला वाटे.

धोतरा उतरेपर्यंत ती मुलगी हवेतून काहीबाही वेचत असे, नसलेल्या माणसांशी बोलत असे. एका दुपारी ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत बुबुळ उरलं नव्हतं, नुसता काळोख. म्हणाली, "तुझ्यामागं ती कोन हुबी हाये गं? हिरवा परकर घातलेली?"

मी मागे पाहिलं. भिंत होती.

"खणाचं पोलकं हाये तिचं," ती हसून म्हणाली. "तुला हाक मारून राह्यली. ओ दे की."

माझ्या अंगावर दवाखान्याचा सदरा होता. माझं पोलकं कसलं होतं ते तिने कधीच पाहिलेलं नव्हतं. आज मला कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन, धोतऱ्याच्या अमलात असलं दिसतंच, आणि हिरवा परकर काय, पोरीबाळींच्या घरात असतोच. पण त्या दुपारी मला ओ देता येत नव्हती, याचं मला बरं वाटलं होतं.

"बेटी, घर से कोई नहीं आया?" डॉक्टर रोज विचारायचे. मी मान हलवायचे. गळ्याची वाट मोकळी होतेय का हे पाहायला ते नळीवर बोट ठेवायला लावत. बोट ठेवलं की वारा वर जायचा आणि घोगरा, खरखरीत असा एक आवाज यायचा. "बस, दो लफ्ज. ज्यादा नहीं." नळी अजून काढण्याजोगी नव्हती. पण खाटा कमी होत्या, आणि ती मुलगी बरी होऊन निघाली तेव्हा तिच्या आईवडिलांच्या गाडीतून डॉक्टरांनी मलाही पाठवलं. नळी कशी उकळायची, पिसाने कशी साफ करायची आणि पुन्हा कधी आणून दाखवायची, ते त्या बाईला पढवलं. माझ्या गावच्या वेशीत मला उतरवून, चार शब्द आईला सांगायला ती माझ्याबरोबर घरापर्यंत आली.

भर दुपार होती. विहिरीवरच्या बायकांनी मला पाहिलं आणि दोर हातातून सोडून दिले. कुणी ओरडलं नाही. मी चालले तशी दारं एकामागून एक लागत गेली, आणि त्या शांततेत माझी शिटी तेवढी वाजत राहिली.

आई दारात आली. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात. पाय सरळ आहेत हे पाहून मग तिने तोंडाकडे पाहिलं. मी धावले, तर काका मध्ये आला. पांढराफटक पडला होता. "म्या सोता माती टाकली वैनी. ही ती न्हाई," तो म्हणाला.

वडीगोद्रीची बाई नळीचं, डॉक्टरांचं सांगत होती. पण ती परक्या गावची, आणि काका घरचा कर्ता. गावचे जोशीबुवा आले, अंतर ठेवून उभे राहिले. म्हणाले, "तिला नाव सांगू दे. दुसरं काही आलं असेल तर नाव सांगता येणार नाही."

मी तोंड उघडलं. फसफस झाली. गर्दी मागे सरली. आई माझ्या ओठांकडे बघत होती. तिने भावाला इतकं घट्ट धरलं होतं की तो रडायला लागला. तेव्हा मला डॉक्टरांनी शिकवलेलं आठवलं. मी गळ्यावर बोट दाबलं आणि माझं नाव सांगितलं.

ओठ लेकराचे, नळीचं भोक दाबलेलं, आणि म्हाताऱ्या बाप्याचा आवाज. लोक पळाले. मीही त्यांच्यात असते तर पळाले असते. आई तेवढी उभी राहिली.

पुढे जोशीबुवांनी तोड काढली, आणि तोड म्हणून ती चोख होती हे मला मान्य करावंच लागतं. ज्याची माती झाली त्याला दारातून घरात घेता येत नाही. पण जन्माला येणाऱ्याला कोण अडवतं? आईला बाजेवर निजवली, डोक्याला फडकं बांधलं. मला न्हाऊ घालून, गुंडाळून तिच्या कुशीत ठेवलं. मध चाटवला, पाचवी पुजली, पाय बाहेर लोंबकळत असताना पाळण्यात घातलं, आणि आत्याने कानात कुर्र करून नवं नाव सांगितलं. जुनं नाव बाहुलीला देऊन झालेलं होतं. ते आता तिचं होतं. काकाचा शब्द राहिला आणि माझा जीवही राहिला. पहिली मेली होती, दुसरी झाली होती. काका मात्र त्यानंतर माझ्याकडे पाठ करून कधी बसला नाही.

आईने मला जिवापाड वाढवलं, हे मी शपथेवर सांगते. बाळंतिणीसारखी ती मला कुशीत घेऊन निजे. मोराच्या पिसाने नळी साफ करताना तिचा हात कधी कापला नाही, आणि ठरल्या वेळी मला कडेवर घेऊन तीच जालन्याला गेली. डॉक्टरांनी नळी काढली. भोक बुजलं, आवाज आला, पण तो घोगराच राहिला.

पण ती माझ्याजवळ त्या पहिलीबद्दल बोलायची. "तुझ्याआधीची लई ग्वाड बोलायची," माझी वेणी घालता घालता म्हणायची. "तिला बोरं आवडायची." बोरं मला आवडायची. भाद्रपदात ती बोरीखाली पान वाढायची आणि पाण्याचा तांब्या मी धरायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, मीच हाये ती." तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "असं म्हनू न्हाई माय. तिला वाईट वाटंल." मला त्या बाहुलीचा हेवा वाटला, आणि अजून वाटतो.

मी शिकले, नर्स झाले, त्याच दवाखान्यात लेकरांच्या गळ्यांतल्या नळ्या साफ केल्या. किती आयांना मी माझ्या गळ्याचा व्रण दाखवून धीर दिला. प्रत्येकीला निक्षून सांगायचे, की काहीही दिसलं तरी पळू नका, पाय धरून ठेवा.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात आई गेली. तापाने ग्लानीत होती. मी उशाशी बसून ओठांना पाणी लावत होते. दुपारी तिने डोळे उघडले, आणि मला पाळण्यात घातलं त्या दिवसापासून जे ऐकलं नव्हतं ते माझं पहिलं नाव घेऊन तिने हाक मारली. स्पष्ट, लाडाने, घरात कुणी खेळत असावं तशी.

 बोट आपोआप गळ्यावरच्या व्रणावर गेलं आणि मी म्हटलं, "ओ आई."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. माझ्या हातावर हात ठेवला, आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. माझ्या मागे भिंत होती.

"तू न्हाई गं," ती म्हणाली. "जरा बाजूला सरक, माय. तिला येऊ दे."

मी सरकले.