गव्हाचं मटण

हिंगोलीत नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा खोली शोधता शोधता माझ्या चपला झिजल्या. नर्स म्हटलं की दार सताड उघडायचं. "या की सिस्टर, बसा." मग पाणी यायचं, आणि पाण्याच्या मागोमाग आडनावाची चौकशी. आडनाव सांगितलं की खोली अचानक कुणातरी पुतण्यासाठी ठेवलेली निघायची. हिंगोलीत एवढे पुतणे राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी दवाखान्यामागच्या गल्लीत एका काकूंनी खोली दिली. आडनाव त्यांनीही विचारलं. "असं व्हय," म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "देते. पण आमच्या घरात मटण-मच्छी चालत न्हाई. अंड्याचं टरफलसुद्धा दिसायला नको. तेवढी एकच अट हाय."

मी हो म्हणाले. रात्रपाळी करून एकटीनं चालत यायचं तर खोली जवळच पाहिजे होती, आणि जवळ अशी ही एकच होती. ही गेली तर पुन्हा गल्लोगल्ली आडनाव सांगत फिरायचं. पण हो म्हणताना जीभ जड झाली. भाडं मी देणार, चूल मी पेटवणार, मग त्यावर काय शिजायचं ते तुम्ही काहून ठरवायचं?

आमच्या गावी, डोंगरकड्याला, मटण म्हणजे सण. बाप बाळापूरच्या बाजारातून पळसाच्या पानात बांधून आणायचा. माय सुकं खोबरं आणि कांदा चुलीत भाजून पाट्यावर वाटायची. रस्सा उकळायला लागला की आज यांच्याकडं काय आहे हे साऱ्या आळीला कळायचं, आणि बाप मुद्दाम दारात बसून राहायचा. लपवायचं काय त्यात? कमावून आणलेलं होतं. काकूंच्या खोलीत मात्र मी वरण, वांगं, वरण, वांगं करत दिवस काढत होते. दवाखान्यातली एक मैत्रीण म्हणाली, हॉटेलात जाऊन खा की. खाल्लं. लाल तेलात बुडवलेली हाडं होती ती. माझ्या मायचा रस्सा नव्हता.

अशात मोबाईलवर एका पोरीचा व्हिडिओ दिसला. ती कणकेचा गोळा पाण्यात धूत होती. धुऊन धुऊन पाणी पांढरं होत होतं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरत होता. त्याला सेइतान म्हणतात, मटणाऐवजी खातात, असं ती सांगत होती. मी ताडकन उठून बसले. अट मोडायची नाही आणि जीभही मारायची नाही, असा हा डाव होता. गव्हाला कोण अडवतंय!

माय त्याच सुमारास डोळे दाखवायला माझ्याकडं आली होती. तिला नाव काही घेता येईना, म्हणून तिनं आपलं 'गव्हाचं मटण' करून टाकलं. मी मैद्यात मूठभर कणीक घालून गोळा मळला, मुरायला ठेवला, आणि तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. निघता निघता तिला म्हणाले, "माय, हा गोळा पाण्यात चोळून चोळून धू. मी आलेच."

परत आले तर माय खुशीत होती. पातेलं पुढं करून म्हणाली, "बघ, कसा सायीसारखा चीक निघाला!"

"आणि गोळा?"

"चोथा व्हय? गाईला टाकला."

मी कपाळावर हात मारला. चूक तिची तरी कशी म्हणू? जन्मभर उन्हाळ्यात कुरडया केलेल्या बाईला गहू आणि पाणी दिलं तर ती दुसरं काय करणार? कुरडयांना गहू भिजवायचा, वाटायचा, पिळायचा, पांढरा चीक ठेवायचा आणि चोथा जनावराला घालायचा. मायच्या हातांना एवढंच ठाऊक होतं. मागच्या अंगणात काकूंची गाय आंबोणाच्या बादलीपाशी उभी होती आणि माझं मटण चघळत होती. चघळून संपेना तिचं. माय तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग मलाही हसू आवरेना.

चीक वाया कसा घालवायचा म्हणून मायनं तो जिरं-मीठ घालून शिजवला. घट्ट, चकचकीत, वर तेलाची धार. आधी एक वाटी भरली आणि पदराखाली धरून निघाली. "मालकीणबाईला देऊन येते. त्यांच्या अंगणात बसून एकटं खाऊ न्हाई." काकूंनी वाटी घेतली. "काहून तकलीफ घेतली," असंही म्हणाल्या. माय आनंदानं परत आली.

थोड्या वेळानं मी धुणं काढायला मागच्या दारात गेले. काकू बादलीवर वाकल्या होत्या. वाटी उपडी करून चमच्यानं खरवडत होत्या. सगळा चीक गाईच्या बादलीत. मग वाटी लांबून नळाखाली धरली, आणि आमच्या उंबऱ्यावर पालथी ठेवून गेल्या. माझ्या मागं माय उभी होती. तिनंही पाहिलं.

"त्यांना चीक आवडत नसंल," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर शनिवारी ह्याच काकू बीपी बघायला येतात. हात माझ्या मांडीवर ठेवतात, "सिस्टर, तुमचा हात लई हलका हाय," म्हणतात. माझा हात चालतो, फुकटात चालतो. माझ्या मायच्या हातचा चीक मात्र गाईला. मी भांडायलाच निघाले होते, पण मायनं मनगट धरलं. "खोली जाईल पोरी. गप बस." मी मागं फिरले. मायनं ती पालथी वाटी उचलून खिडकीत ठेवली, तशीच पालथी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी पुन्हा गोळा मळला आणि या वेळी स्वतः धुतला. पाणी नितळ होईपर्यंत धुतला. करड्या रंगाचा लगदा हातात आला, ओढला की ताणला जायचा, सोडला की आखडायचा. त्याचे तुकडे करून तेलात परतले. माय म्हणाली, "वाटण मी करते, तुझ्यानं व्हायचं न्हाई." तिनं खोबरं गॅसवर काळंभोर भाजलं, कांदा भाजला, लसूण-आलं, घरून आणलेला काळा मसाला. रस्सा उकळायला लागला तसा डोंगरकड्याचा वास खोलीत भरला. मी उठून खिडकी उघडली, दारही उघडलं. मुद्दाम उघडलं. गव्हाला कसली भीती?

पहिला तुकडा तोंडात टाकला. खोटं कशाला सांगू, मटण नव्हतं ते. चरबी नाही, हाड नाही, बोकडाचा तो उग्रपणा नाही. पण दाताखाली चिवटपणा होता, रस्सा आतपर्यंत मुरला होता, आणि किती दिवसांनी मी काहीतरी फाडून खात होते. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं होतं असं मी मायला सांगितलं.

"कसं हाय?" मी तिला विचारलं.

ती बराच वेळ चावत राहिली. "दाताला काम हाय. पण नळी कुठून चोखायची?"

तेवढ्यात दारात काकू. नाकाला पदर. "सिस्टर! काय शिजवून राहिल्या? गल्लीभर वास सुटला ना!"

माझ्या आधी मायच उठली. अर्धं जेवण टाकून, खरकट्या हातानं. "गहू हाय बाई, गहू! लेकीची शप्पथ. मी सोताच्या डोळ्यानं बघितलं." आणि तिनं ताटातला एक तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि हात काकूंच्या पुढं धरला.

काकूंनी मान लांब करून पाहिलं, पण पाऊल आत टाकलं नाही. "गव्हाचं आसंल तर चालंल. पण पातेलं दाखवा बरं. आन सिस्टर, तुमचा बुद्ध तर म्हणतो ना, जीव मारू नका? मग जिभेला येवढं काहून आवरत न्हाई?"

चालंल! माझ्या मायनं खरकट्या हातानं पुरावा द्यायचा आणि यांनी उंबऱ्यावरून 'चालंल' म्हणायचं. पातेलं दाखवलं असतं तर खोली राहिली असती. मग दर वेळी फोडणीला वास आला की पातेलं दाखवत बसले असते. बुद्धाचं मी आणि बुद्ध बघून घेऊ. तो तुकडा मायच्या तळहातावर तसाच होता आणि मला तो एक क्षणही तिथं बघवेना.

"माय, तो तुकडा ताटात ठेव," मी म्हणाले. "मटण आहे, काकू. बोकडाचं."

माय माझ्याकडं बघतच राहिली.

"पण तुमची आई तर म्हणून राहिली गहू हाय!" काकूंचा आवाज चढला. "मावशी, तुमी मोठं मानूस. तुमी खरं सांगा."

मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा खिडकीतल्या त्या पालथ्या वाटीकडं पाहिलं. मग तुकडा ताटात ठेवला, हात पदराला पुसला आणि कंबर सरळ केली.

"बोकडाचंच हाय, बाई," माय म्हणाली. "सकाळीच कापलेलं. बसता का? वाढते."

काकू मागं सरल्या. "महिना संपला की खोली रिकामी करा," एवढं बोलून पाय आपटत गेल्या.

मी दार लावलं नाही. आम्ही पुन्हा ताटावर बसलो. खोटं नाही सांगत, इतकं मोकळं मला त्या खोलीत कधी वाटलं नव्हतं. मायनं भाकर कुस्करली, वर रस्सा ओतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत चावत माझ्याकडं बघितलं.

"पोरी, खोली जायाचीच व्हती," ती म्हणाली, "तर खरं तरी आणायचं व्हतंस."