तिच्या देशाची टेस्ट

शारजात ड्रायव्हिंग लायसन्स मिळवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझी ती चौथी टेस्ट होती. वेटिंग रूममध्ये शेजारी एक गोरी, धिप्पाड बाई बसली होती, मांडीवर घरच्या केकचा डबा घेऊन.

"पास झाल्यावर वाटायला?" मी इंग्रजीत विचारलं.

"छे, नापास झाल्यावर! सहा वेळा वाटलाय."

ती उत्तर मॅसिडोनियाची. तिचा देश कित्येक वर्षं युरोपियन युनियनच्या दारात उमेदवार म्हणून उभा आहे, हे तिनंच सांगितलं. "आधी म्हणाले, देशाचं नाव बदला. बदललं. आता म्हणतात, घटना बदला. इथे टेस्टलाही तेच. मिरर बघितला, इंडिकेटर दिला, तरी शेरा तोच, नॉट रेडी! मी माझं नाव बदलू का? मग तरी पास करतील?" आणि ती इतकी खदखदून हसली की अख्खी खोली वळून पाहायला लागली. मीही हसले.

मी पास झाले. ती सातव्यांदा नापास. तरी तिनं मला उचलूनच घेतलं. "यल्ला, चला, आपल्या बाकावरचा एक देश तरी आत गेला!" म्हणत केकचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

नाव विचारायचं राहूनच गेलं. आता युरोपच्या बातम्या लागल्या की मी आवाज वाढवते. नवरा म्हणतो, "तुझं काय अडलंय तिथे?"

"गप्प बस," मी म्हणते, "मैत्रिणीचा रिझल्ट लागायचाय."