पूल धुतला, पण उतरणार कोण?

गेल्या शनिवारी नांदेडला ताईच्या घरी आम्ही सगळ्यांनी मिळून स्विमिंग पूल धुतला... हो, स्विमिंग पूल! आमच्या खानदानातला पहिला आणि बहुतेक शेवटचा.

ताई आणि भावजी दोघंही डॉक्टर. त्यांनी एक जुना बंगला विकत घेतला, त्याच्या मागच्या अंगणात हा छोटासा पूल आयताच मिळाला. पण लगेच दोन वर्षं दुष्काळ पडला. लोक टँकरमागे धावत असताना पूल कुठल्या तोंडाने भरणार? ताईने त्यात कुरडया वाळवल्या, मिरच्या वाळवल्या...

यंदा पाऊस बरा झाला. पूलमध्ये पाणी साचून हिरवंगार झालं, बेडकांनी संसार थाटला. शेजारी डासांची तक्रार घेऊन आले, तेव्हा भावजींनी मला लातूरहून बोलावून घेतलं. सोबत आई आलीच.

भावजी मोटर लावून ते पाणी गटारात सोडणार, तेवढ्यात आई पुढे झाली. जावयाला ती डॉक्टरसाहेब म्हणते. "डॉक्टरसाहेब, गटारात कशाला सोडायलेत? झाडाला जाऊ द्या की!" मग काय... आमचे नारळ, शेजाऱ्यांचा आंबा, सगळ्यांची चंगळ झाली.

तळाशी बोटभर शेवाळ होतं. मी दोनदा आपटलो, भावजी एकदा... आणि भाची मनू बेडूक बादलीत भरता भरता आमच्यावर हसत होती. खराटा, ब्रश, ब्लीचिंग पावडर... संध्याकाळी खालच्या निळ्या टाइल्स दिसायला लागल्या, तेव्हा आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग बोअर चालू केला.

रविवारी सकाळी पूल काठोकाठ भरला. आणि तेव्हा लक्षात आलं... आमच्यात पोहता कुणालाच येत नाही!

भावजी मनूची ट्यूब पोटाला अडकवून पायरीवर उभे. मी कमरेएवढ्या पाण्यात, भिंत धरून. ताई तर काठावरच.

आई मात्र एकटक पाण्याकडे बघत होती. "मी उतरू का गं?" तिने हळूच विचारलं.

ताईतली डॉक्टर लगेच जागी झाली. "आई, बीपी आहे तुला. गुडघे बघ तुझे. काही नको!"

आई सरळ घरात निघून गेली. मला वाटलं, रुसली... फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ती बाहेर आली ती ताईचा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून. आयुष्यभर साडीशिवाय न दिसलेली आमची आई! आम्ही काही म्हणायच्या आत ती शिडीवरून उतरली, भिंतीला पाय लावला आणि... निघाली.

ताई किंचाळली. मी धावलो आणि छातीएवढ्या पाण्यात घाबरून थांबलो. आई खोल बाजूला पोचली, वळली, उताणी झाली आणि डोळे मिटून निवांत तरंगत राहिली.

"आई, तुला पोहता येतं?"

"हाव."

बाहत्तरच्या दुष्काळात लातूरकडच्या मुरुडजवळ आईच्या गावाला तलाव खोदायचं काम निघालं होतं. आजी त्या कामावर, आणि लहानगी आई मातीच्या पाट्या उचलायला. पुढे पाऊस झाला, तलाव भरला. गावच्या विहिरीत बौद्धवाड्यातल्यांना उतरू देत नव्हते... पण तलावाचं तसं नव्हतं.

"तळ्यावर कोण न्हाई म्हणंल? माती आम्हीच वाहिली की त्याची!" पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून वाड्यातल्या सगळ्या पोरी तिथे पोहायला शिकल्या म्हणे.

मग लग्न झालं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, बाबांना नव्या ऑफिसात नोकरी लागली, आणि आई लातूरकर झाली.

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"लातुरात प्यायला पाणी न्हाई, अन् पवायचं काय सांगू?"

आम्ही खो खो हसलो. ताई हसता हसता रडायलाच लागली... आणि अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात उतरून म्हणाली, "मला शिकव."

एरवी दोन दिवसांत लातूरच्या घराची ओढ लागणारी आई यावेळी म्हणाली, "तू हो पुढं." मी एकटाच परतलो.

आज सकाळी आईला फोन केला तर ताईने उचलला. दम लागला होता तिला. "आई पाण्यात आहे रे, नंतर कर!" म्हणाली आणि ठेवून दिला.

मी किती तरी वेळ फोन हातात धरून एकटाच हसत बसलो... असा फोन लवकर ठेवला गेल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला.