तेलाचा थर

संशोधनाला लागले तेव्हा माझी वेणी कमरेच्या खाली यायची. सत्तरच्या दशकातलं नागपूर, पदार्थविज्ञानाचा विभाग, आणि प्रयोगशाळेत मी एकटीच मुलगी. शेती भाऊ बघायचा, म्हणून आई गाव सोडून प्रताप नगरच्या भाड्याच्या घरात माझ्याजवळ राहायला आली होती. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती मला समोर बसवी आणि तिळाचं तेल चोपडून वेणी घालून देई.

माझं काम चांदीच्या थरांचं होतं. सिलिकॉनच्या चकतीवर काही अणूंच्या जाडीचा थर चढवायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं. काचेच्या मोठ्या पालथ्या हंडीखालची हवा पंपाने काढून टाकायची, आत चांदी तापवायची. तिची वाफ वरच्या चकतीवर जाऊन बसे. थर डोळ्यांना दिसतही नसे. चकती स्वच्छ असली तर चांदी सारखी पसरे आणि वीज वाहे. जरासा ओशटपणा असला की चांदी जागोजागी गोळा होई, मधे फटी राहत, आणि मीटरचा काटा जागचा हलत नसे.

हिवाळ्यात माझे थर चांगले येत होते. उन्हाळा लागला आणि बिघडले. चकत्या आम्लात धुतल्या, पाण्यात उकळल्या, चिमट्याशिवाय हात लावला नाही, तरी काटा पडून राहिलेला.

त्यातच बाहेरगावचे एक प्राध्यापक विभाग बघायला आले. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यांच्यासमोर मला थर करून दाखवायला सांगितलं. भर दुपार होती. थर झाला, तारा जोडल्या, काटा हलला नाही. पाहुणे नम्रपणे वाट बघत राहिले. सरांनी हंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "चकती स्वच्छ राहणार कशी? यांच्या डोक्यावरच पावशेर तेल आहे. बाई, उद्यापासून डोकं धुऊन येत जा."

सगळे हसले. पाहुणेही थोडे हसले. आणि मीही हसले. त्या हसण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज शिकेकाईने न्हाऊ लागले. वेणीचा अंबाडा घालून वर घट्ट रुमाल बांधू लागले. आई तेलाची वाटी घेऊन बसे आणि मी घाईत असल्याचं सोंग करी.

"काहून वं, तेल काहून नाई लावून राहिली? डोस्क्याच्या जटा होऊन राहिल्या ना."

"ऊन किती आहे आई. चिकचिक होते."

तिने वाटी उचलून कोनाड्यात ठेवली.

थर काही सुधारले नाहीत. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्या उशीला असेल, टॉवेलला असेल. घरच तेलकट असलं तर काय करणार?" घराचं नाव निघालं तेव्हा मात्र मला हसता आलं नाही.

एका रविवारी माझ्यासोबत काम करणारा एक विद्यार्थी पुस्तक न्यायला घरी आला. मी आत चहा करत होते. बाहेर त्याने आईला तो सगळा किस्सा रंगवून सांगितला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला ती गंमतच वाटत होती. मला हे कळलं ते पुढे, आणि कळलं ते असं.

त्या आठवड्यात मी डबा घरी विसरले. आई तो घेऊन बसने विभागात आली. मी प्रयोगशाळेच्या दाराशी गेले तर ती पायऱ्यांच्या खाली उन्हात उभी. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला, दोन्ही हातांनी डबा धरलेला. तो विद्यार्थी म्हणाला, "आत या ना काकू, पंखा आहे."

ती एक पाऊल मागे सरली. "नाई बाबा. माह्या डोस्क्याले तेल हाय. पोरीचं काम बिघडन."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. मी डबा घेतला, आणि ती परत बसकडे गेली. तिला सावलीत बोलवायचं धाडस मला झालं नाही, कारण ती चूक आहे असं म्हणायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या दोन पट्ट्या सारख्याच धुतल्या. एक माझ्या टेबलावर ठेवली आणि मुद्दाम डोक्यावरचा रुमाल काढून दिवसभर तिच्याजवळ बसले. दुसरी हंडीत ठेवून पंप चालू केला; चांदी तापवलीच नाही. संध्याकाळी दोन्हींवर फुंकर मारली. टेबलावरच्या काचेवर श्वासाची वाफ सारखी पसरली. हंडीतल्या काचेवर ती डागाडागांनी धरली.

तेल पंपाचं होतं. हवा ओढून घ्यायला त्या पंपात तेल तापवून त्याची वाफ करतात आणि भोवती थंड पाणी फिरवून ती खालीच अडवतात. आमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी त्या पाण्याने हात पोळायचा. वाफ न थिजता सरळ हंडीत चढत होती.

सरांना मी पट्ट्या दाखवल्या. त्यांनी स्वतः फुंकर मारली, नळाखाली बोट धरलं, आणि जरा वेळाने व्हरांड्यात मला गाठून हळू आवाजात म्हणाले, "पाणी गरम होतं. उन्हाळ्यात सकाळीच थर चढवत जा." तेवढंच. प्रयोगशाळेत परतल्यावर ते कोणाला काही बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. सकाळचे थर चांगले आले. पुढे प्रबंधही त्यांवरच झाला.

घरी येऊन आईला सांगितलं, "ते तेल माझं नव्हतं. यंत्राचंच होतं."

ती कुरड्या घालत होती. हात थांबला. "मंग सरनं सांगतलं का सगळ्यायले?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"चांगला मानूस हाय मंग," ती म्हणाली.

कुरड्या वाळल्यावर तिने त्यातल्या अखंड निवडून पिशवीत भरल्या आणि सरांना द्यायला लावल्या. मी ती पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"आईने दिल्यात," मी म्हणाले. "असंच."