आबांनी दिलेलं पाणी

परवा नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास आला आणि मला सक्करदऱ्याचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. त्या उन्हाळ्यात धाकटी बहीण हगवणीतून जेमतेम वाचली होती. नर्सबाईंनी पाण्यात टाकायचं औषध दिलं आणि बजावलं, माठ झाकून ठेवा, आत कुणाचाही हात बुडू देऊ नका. आईनं लांब दांड्याचं ओगराळं आणून माठाशेजारी टांगलं.

एका दुपारी खाप्याहून आबा, म्हणजे आईचे वडील, आले. उन्हानं तोंड सुकलेलं. माठावरचं झाकण काढून ते पेला बुडवणार, तोच आईनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, हात नका घालू."

आबांचा चेहरा उतरला. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना शिवायची बंदी होती. कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी. आम्ही बौद्ध झालो, तरी ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

"काहून वं? पोरीच्या घरीबी?" त्यांनी हळूच विचारलं.

आईच्या ध्यानात आलं. "आमीबी नाही घालत, बाबा. लहानी बिमार होती म्हणून." तिनं ओगराळं काढून त्यांच्या हाती दिलं. "आता तुमीच द्या सगळ्याले."

आबांनी आधी बहिणीचा पेला भरला, मग माझा, मग आईचा. स्वतः शेवटी प्यायले. तहानेनं मी कासावीस झाले होते. वाटलं, किती सावकाश देतात हे. आज वाटतं, ते काम त्यांना लवकर संपवायचं नव्हतं.