पाचही बोटांना चक्र

आमचे हे शेंद्र्याला कंपनीत गेले ते परत आलेच नाय, महिना झाला व्हता. मग पोलिसांचा फोन आला, एक माणूस मेलेला सापडलाय, चेहरा वळखू येत नाय, घरात ह्यांचा अंगठा उठवलेला कागद असंल तर घेऊन या. तसा एकच कागद व्हता, खोलीच्या भाडेकराराचा. पिशवीत घातला, पोरगी कडेवर घेतली, दिराला संगं घेतलं. रिक्षात मी एकसारखी म्हणत व्हते, ते नायत, ते नायत.

ठशांच्या साहेबांनी आमचा कागद घेतला. टेबलावर त्या मेलेल्या माणसाच्या दहा बोटांचे काळे ठसे व्हते, वर पाच, खाली पाच. साहेब भिंग घेऊन खालच्या रांगेतला अंगठा बघायचे, मग आमचा कागद, मग परत तिकडं. लई येळ.

"ताई, जुळतंय," साहेब म्हणले.

मी वाकून बघितलं. खालच्या रांगेत समदे शंख. रेघा गोल गोल फिरल्या का चक्र आन् एका बाजूनं येऊन तिकडंच वळल्या का शंख, एवढं आमच्यात बारकी पोर बी सांगती. सासूबाई तर गावभर सांगायच्या, माझ्या लेकाला पाचही बोटांना चक्र, राजा व्हणार. लग्न झाल्यावर मी सोता मोजले व्हते.

"हे ते नायतच," मी वरडले. "ह्यांना पाच चक्र हायेत. हे तर समदे शंख!"

दीर कानात म्हणला, "वहिनी, पोलिसाम्होरं जोतिष नका सांगू."

"गप बसा भाऊजी. तुमच्या हाताला एक तरी हाय का चक्र?"

साहेब म्हणले, "ताई, करारावरचा अंगठाही शंखच आहे."

"मग कागद बदलला कुणीतरी!"

साहेब चिडले नाय. "चक्र कोणत्या हाताला बघितले तुम्ही?"

"उजव्या. बाप्याचा उजवाच बघत्यात, बाईचा डावा."

"करारावर डावा अंगठा घेतात. ही खालची रांग डाव्या हाताची आहे." त्यांनी भिंग वरच्या रांगेवर सरकवलं. "हा उजवा."

चक्र. दुसऱ्याला बी चक्र. मी बोट ठिवून मोजत गेले, पाच झाले.

"चक्र कितीतरी लोकांना असतात," मी म्हणले.

"हो. म्हणून त्यावर नाही ठरवत." मग साहेबांनी डाव्या अंगठ्यात एक रेघ फुटून दोन झालेली दाखवली, तिच्याशेजारी एक तुटकी. आमच्या कागदावर बी तिथंच फुटलेली, तिथंच तुटलेली. अशा लई जागा त्यांनी दाखवल्या. तिसऱ्या-चौथ्या जागेनंतर मला दिसंनाच.

दिरानं भिंतीकडं तोंड फिरवलं. साहेबांनी सही कुठं करायची ते सांगितलं. मी पेन घेतला नाय. चार वर्षं संसार केला, आन् ह्यांचा डावा हात मी कधी बघितलाच नव्हता.

"करंगळीला काय हाय, साहेब?"

"शंख."

"आन् शेजारच्या बोटाला?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.