मोठ्यानं वाचलेला नंबर

चिखलीच्या आमच्या दवाखान्यातला सर्व्हर बिघडला, तेव्हा अकोल्याहून एसटीनं एक इंजिनिअर आले. नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन डिस्कपैकी एक मेली होती. सगळ्या पेशंटांची माहिती दुसरीवर तगून होती. मेलेल्या डिस्कचा लाल दिवा समोर दिसत होता, तरी त्यांनी मला, वॉर्डातल्या नर्सला, हाक मारली.

"ताई, हिच्यावरचा नंबर मोठ्यानं वाचा."

मी वाचला. त्यांनी हातातल्या कागदाशी ताडून पाहिला आणि पुन्हा वाचायला लावला.

"काऊन भाऊ, माह्यावर भरवसा नाही का?"

"तुमच्यावर हाये. माह्यावर नाही. एकदा घाईत मेलेलीच्या जागी चालू डिस्क ओढून काढली होती मी. एका दवाखान्याचं सगळं गेलं."

मग बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.

आता इंजेक्शनआधी बाटलीवरचं नाव मी शेजारच्या सिस्टरला मोठ्यानं वाचायला लावते. ती चिडते. चिडू दे.